उद्घाटनापर्यंत वाट बंद

बाबाजान तांबोळी भर सकाळी कोयता घेऊन घराबाहेर पडले, तेव्हा हिंगणदऱ्याच्या पारावरच्या मंडळींचा असा समज झाला की हा माणूस ऊसतोडीला निघाला. समज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. कोयता ऊसतोडीचाच होता, शेजारून मागून आणलेला. पण तो धरणारा हात एस.टी.च्या निवृत्त कंट्रोलरचा होता. उभ्या नोकरीत त्या हाताने शिट्टी, पेन आणि माईक यांपलीकडे काही धरलेलं नव्हतं, आणि कोयताही त्यांनी माईकसारखाच तोंडापाशी धरला होता.

“चाचा, कोन्त्या टोळीत भरती झाले?” पारावरून गोरक्षनाथाने विचारलं आणि सगळे हसले.

बाबाजान तसेच पुढे चालू लागले. एस.टी.त मुरलेला माणूस अपमान जागच्या जागी उघडत नाही. तो घरी नेतो आणि बायकोपुढे उघडतो. पण हल्ली ती सोयही राहिली नव्हती, कारण घरी हमिदाच इतकं बोलत असे की मध्ये आपला अपमान घुसवायला जागा सापडत नसे. आणि कोयता हातात घ्यायचं मूळ कारणही तेच होतं.

हमिदाची मैत्रीण लंकाबाई ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायची. बाबाजानांच्या मागच्या दारापासून एक पायवाट निघे, शेतांच्या बांधाबांधाने ओढ्यात उतरे आणि पलीकडे चढून थेट लंकाबाईच्या अंगणात जाई. दोघी लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासून लंकाबाई रोज दुपारी त्या वाटेने यायची. मागच्या दारी बसून दोघी मिश्री लावायच्या, तांदूळ निवडायच्या आणि गावातल्या एकूण एक घराची खबर घ्यायच्या. पावसाळ्यात लंकाबाई गोठ्यात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता ती वॉकर धरून आपल्या अंगणापुरती फिरत होती. चालणारंच कुणी उरलं नाही तेव्हा वाटही गेली. पाय पडले तर वाट, नाही तर रान. चार महिन्यांत तिच्यावर वेडी बाभूळ अशी माजली की शेळ्यासुद्धा लांबून बघून परत फिरत.

डांबरी सडकेने जायचं तर मोठा वळसा होता आणि त्यासाठी बाबाजानांची स्कूटर होती. पण हमिदा त्या स्कूटरवर बसायची नाही. एकदा ती बसली होती, तेव्हा बाबाजानांनी समोरून येणाऱ्या एस.टी.ला इतक्या आदराने बाजू दिली की दोघंही कालव्यात गेली. पाणी गुडघाभरच होतं, पण शपथ घ्यायला तेवढं पुरतं.

राहिला फोन. लंकाबाई फोन उलटा धरायची, आणि “हॅलो” ऐकू आलं की “कोन हाय गं?” असं शेजारी उभ्या असलेल्या सुनेलाच विचारायची. शिवाय फोनवर मिश्री लावता येत नाही.

परिणाम असा झाला की इतकी वर्षं जे बोलणं लंकाबाईच्या वाट्याला जात होतं, ते सगळं बाबाजानांवर येऊन पडलं. रतनबाईच्या सुनेने माहेरी काय सांगितलं, परवेझच्या साखरपुड्यात बिर्याणी कशी कमी पडली, हे त्यांना रोज ऐकावं लागे आणि योग्य ठिकाणी “असं का?” म्हणावं लागे. चुकीच्या ठिकाणी म्हटलं की ती म्हणायची, “लंकी असती तर समजली अस्ती.” एवढंही त्यांनी सोसलं असतं. पण एके दिवशी त्यांनी पाहिलं, हमिदा मागच्या दारी धुण्याच्या दगडावर चढून, टाचा उंच करून ओढ्याकडे बघत होती. तिथून लंकाबाईच्या घराच्या पत्र्याचा कोपरा तेवढा दिसायचा. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की ही वाट मोकळी करायची आणि हमिदाला लंकाबाईच्या अंगणापर्यंत चालत पोहोचवायचं. त्याच संध्याकाळी त्यांनी शेजारून कोयता मागितला.

पारावर हसून झाल्यावर मात्र गाव कामाला लागलं, म्हणजे सल्ले देऊ लागलं. कुणी म्हणालं, बाभळीला मुळाशी रॉकेल ओता. कुणी म्हणालं, जेसीबी आणा. निवृत्त शिक्षक वैजनाथ गुरुजी म्हणाले, “बाबाजानभाई, एकट्याने केलं तर ते वेड ठरतं. समितीने केलं की ते श्रमदान ठरतं.” हे बाबाजानांना एकदम पटलं. बाभळीची एक फांदी तुटायच्या आत ‘हिंगणदरा पाऊलवाट संवर्धन समिती’ स्थापन झाली. बाबाजान अध्यक्ष, गुरुजी सचिव, आणि व्हॉट्सॲपवरचा जवळजवळ सगळा गाव सदस्य. पहिल्या दिवशी त्या गटावर सुप्रभातचे इतके निरोप आले की मुख्य निरोप, म्हणजे ‘उद्या सकाळी कोयते घेऊन या’, तळाला जाऊन बसला आणि कुणीच आलं नाही.

गुरुजींचं म्हणणं पडलं की आधी परवानगी घ्यावी. म्हणून दोघं तलाठी सुकन्या मॅडमकडे गेले. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण खुर्ची तीच आहे आणि पंखाही तोच आहे. मॅडमनी गावाचा नकाशा काढला, चष्मा लावला आणि बारीक तुटक रेघेवर बोट ठेवलं.

“ही तुमची वाट. आहे, नकाशावर आहे.”

“म्हणजे सरकारची?”

“सरकारची म्हणजे तशी कुणाचीच नाही. देखभाल ग्रामपंचायतीने करायची.”

ग्रामपंचायतीत सरपंच राजेश्वरीताई म्हणाल्या, “आमच्या रजिस्टरला गाडीरस्ते हायेत. पायवाटा महसूलकडं. आन् ओढा दोघांचा बी न्हाई, तो पाटबंधारेचा.” पाटबंधारेच्या ऑफिसात जो गृहस्थ भेटला तो म्हणाला की ओढ्यात पाणी असेल तरच ओढा आमचा. सध्या कोरडा आहे, तेव्हा तुम्ही तलाठ्याकडे जा.

दोघं परत सुकन्या मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. त्या बाईला दया आली. ती म्हणाली, “काका, हे काम कुणाचंच नाही. म्हणजे तुम्ही ते खुशाल करू शकता. फक्त तसं लेखी मागू नका.”

काम सुरू झालं. पहिल्या सकाळी अध्यक्ष आणि सचिव असे दोघेच होते. गुरुजी कंबरेमुळे वाकत नसत, ते उभ्याने मार्गदर्शन करत. बाबाजानांच्या तळहाताला फोड आले, सदरा तीन ठिकाणी फाटला, आणि एका काट्याने चपलेचा तळ भेदून थेट त्यांच्या अध्यक्षपदाला धक्का दिला. ते लंगडत घरी गेले ते गावाने पाहिलं. गावाला हसू येतं तशी लाजही येते. दुसऱ्या दिवशी लंकाबाईचा मुलगा भागवत पलीकडून तोडायला लागला. मग इकडून आणखी पाच-सहा जण आले. गोरक्षनाथसुद्धा आला. तो मुख्यतः आपल्या बांधाकडे लक्ष ठेवायला आला होता, पण आल्यावर हात चालवला. रोज सकाळी घटकाभर काम, मग भागवतच्या घरचा चहा, अशा बेताने वाट दिसू लागली.

आता तोडलेल्या काट्या टाकायच्या कुठे, असा प्रश्न आला. उजवीकडे गोरक्षनाथाचा बांध, डावीकडे रतनबाईचं वावर. काट्या उजवीकडे टाकल्या, त्या सकाळी डावीकडे गेल्या. रतनबाईने त्या दुपारी परत उजवीकडे लोटल्या आणि गोरक्षनाथाच्या चार पिढ्यांचा उद्धार केला. असं काही दिवस चाललं. मग एका सकाळी बाबाजानांनी मागचं दार उघडलं तर सगळ्या काट्या त्यांच्याच दाराशी रचून ठेवलेल्या. बांधावरून एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या त्या दोघांनी एकत्र येऊन हे काम केलं होतं. गावात एकी नाही असं म्हणणाऱ्यांनी तो ढीग बघायला हवा होता.

अखेर शेवटची बाभूळ तुटली. घाणेरीची झुडपं खणून निघाली, ओढ्यात उतरायला दगडांच्या पायऱ्या बसल्या. बाबाजानांनी खराट्याने वाट झाडली. स्टँडावरचा फलाट कुणी कधी इतका झाडला नसेल. ते घरी आले आणि हमिदाला म्हणाले, “चल, लंकाबाईकडं जाऊन येऊ.”

हमिदा पदराला हात पुसत उठलीच होती. तेवढ्यात दारात गुरुजी उभे राहिले.

“बाबाजानभाई, घाई करू नका. उद्घाटनाशिवाय वाट म्हणजे बारशाशिवाय पोर. पंचायत समितीच्या सभापतींना आणू. हार-नारळ होऊ द्या. मग पहिलं पाऊल वहिनींचं! मी पेपरवाल्यांशी बोलतो.”

इथे बाबाजान फसले. इतके दिवस गावाने त्यांच्या कोयत्यावर विनोद केले होते. आता तेच गाव खुर्च्या मांडून बसेल, सभापती हार घालतील आणि हमिदा सगळ्यांच्या देखत पहिली चालेल, हे चित्र त्यांना फार आवडलं. ते हमिदाकडे बघून म्हणाले, “इतके दिवस थांबलो, अजून थोडं.” हमिदा पुन्हा खाली बसली आणि तांदूळ निवडू लागली.

दाराशी पडलेल्या काट्यांचाही गुरुजींनी तेव्हाच निकाल लावला. वाटेच्या दोन्ही तोंडांना त्या आडव्या लावल्या आणि पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘उद्घाटनापर्यंत वाट बंद. हुकमावरून, अध्यक्ष.’ जी वाट बाभळींनी बंद केली होती, ती आता समितीने त्याच बाभळींनी बंद केली. फरक एवढाच की आता बोर्ड होता.

सभापतींची तारीख मिळेना. एका सोमवारचं ठरलं, तर त्या दिवशी त्यांना शिर्डीला पाहुणे आले. पुढे एक लग्न निघालं, मग एक दहावं, मग पक्षाचा मेळावा. बाबाजान रोज फोन लावत आणि पलीकडून सभापतींचे स्वीय सहायक “लवकरच” म्हणत. स्टँडावर बाबाजानांनी स्वतः हा शब्द हजारो प्रवाशांना ऐकवला होता. तो ऐकताना कसा लागतो हे त्यांना आत्ता कळत होतं.

घरी मात्र शांतता होती. हमिदा कुरकुर करत नव्हती. दुपारी जेवण झालं की, “मी मागच्या खोलीत पडते जरा,” म्हणून दार लोटून घ्यायची. अध्यक्षांच्या बायकोला जबाबदारी कळते, असं बाबाजानांना वाटलं. तेही पुढच्या खोलीत भाषणाची तयारी करत आडवे होत, आणि तयारी चार वाजेपर्यंत घोरत चाले.

इकडे गोरक्षनाथाची तूर काढणीला आली. तूर झोडपायला जागा लागते. एरवी लोक ती डांबरी सडकेवर पसरतात, गाड्या जातात-येतात, तूर आपोआप मोकळी होते. पण इथे त्याच्या बांधाला लागून झाडून काढलेली, टणक, रिकामी वाट होती. त्याने सगळी तूर तिच्यावर पसरली. बाबाजान धावत गेले.

“गोरक्षा, ही वाट चालायला हाय!”

“चाचा, पन चालतंय कोन? बंदच केली ना तुमी? पडीक कशाला ठिवायची?” गोरक्षनाथ शांतपणे म्हणाला. “आन् उद्घाटनाला सभापती, पेपरवाले, सारा गाव चालनार की हिच्यावरून. माजी तूर फुकाट मळून हुईल.”

सभापती काही येईनात म्हणून शेवटी गोरक्षनाथाने आपला ट्रॅक्टरच बांध फोडून वाटेवर आणला आणि तुरीवरून चार-सहा वेळा पुढेमागे फिरवला. तूर निघाली. पण वाटेवर चाकांचे ठसे उमटले, आणि ठसे दिसले की जगातला कुठलाही ड्रायव्हर समजतो की इथे रस्ता आहे.

तसं एकाला वाटलं. रतनबाईचा ऊस भरून निघालेला, मागे दोन ट्रेलर जोडलेला आणि वर कर्णा लावून गाणी वाजवणारा ट्रॅक्टर एका दुपारी आडवाटेने सडक गाठायला पायवाटेवर शिरला. गाणी ऐकून बाबाजान उठले. हमिदाला सांगावं म्हणून त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, पण बिचारीची झोपमोड नको म्हणून तसेच निघाले.

ट्रॅक्टर ओढ्याच्या तोंडाशी थांबला होता. ड्रायव्हरला पुढे जाववेना आणि मागे येववेना. बाबाजानांना बघून गर्दीने वाट दिली. गाड्या मागे घेणं हा त्यांचा प्रांत होता. लहानमोठी गाडी त्यांनी सुई ओवल्यासारखी फलाटाला लावली होती. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं की ओढ्याच्या कडेला मोकळी जागा आहे, तिथे मागचा ट्रेलर वळव, म्हणजे तोंड फिरेल. मग ते स्वतः ट्रेलरमागे उभे राहिले, हात हलवू लागले.

“येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या...”

एस.टी.च्या बसला ट्रेलर नसतो. ट्रेलर ड्रायव्हरला नको तिकडेच वळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते “येऊ द्या” म्हणत मागे सरकले, ट्रेलर त्यांच्यामागे आला, आणि आधी अध्यक्ष ओढ्यात गेले, मग त्यांच्या शेजारी अर्धा ट्रेलर ऊस गेला. नशिबाने लागलं कुणालाच नाही. ओढा कोरडा होता, पण पाटबंधारेच्या त्या गृहस्थाला माहीत नसलेलं एक डबकं नेमकं तिथेच होतं. बाबाजान मांड्यांपर्यंत काळे झाले आणि चिखल तोंडावरही उडाला. दगडी पायऱ्या गाडल्या गेल्या. गाव हळहळलं आणि लगेच सांडलेला ऊस मोडून खायला लागलं.

कुणाकडे न बघता बाबाजान पलीकडच्या काठावर चढले. भागवतचा ट्रॅक्टर ओढायला मिळतो का बघावं आणि पाय धुवावेत, एवढाच हेतू होता. लंकाबाईच्या अंगणात ते पोहोचले आणि थबकले. ओट्यावर लंकाबाई पाय लांब करून बसली होती. तिच्या मागे बसून तिची वेणी घालत होती हमिदा.

“या, दाजी!” लंकाबाई म्हणाली. हमिदा तिची मानलेली बहीण, म्हणून बाबाजान तिचे दाजी, हे फार जुनं नातं होतं. “आज कसं काय येनं केलं?”

“चिखलाचं पाय घेऊन वर येऊ नका,” हमिदा म्हणाली.

“तू... तू तर झोपली हुतीस.”

“हमिदा झोपती? दुपारची?” लंकाबाई खो-खो हसली. “दाजी, तुमी शेवटची बाभूळ तोडली, त्याच्या दुसऱ्या दिसापून रोज येती ती हितं. माजा पाय चोळून देती. काल तर पार फाटकापरेंत चालवलंन् मला.”

“पन वाट बंद हाय!”

“हाय की,” हमिदा म्हणाली. “येताना काठीनं काटी बाजूला करते, आन् माघारी जाताना हुती तशी लावते. बोर्ड बी सरळ करते.”

बाबाजानांना राग आला. राग यायलाच हवा होता. सारा गाव ज्या बोर्डाला मान देत होता तो त्यांच्याच घरात कुणी मानला नव्हता. “मग मला का न्हाई सांगितलं?”

हमिदाने वेणीला गाठ मारली. “काय सांगू? तुमी साऱ्या गावात सांगत फिरता, पयली हमिदा चालनार म्हनून. कोयता घेतला तर लोकं तुमाला हसले. आता कुठं तुमचा मान हुनार, आन् मी म्हनू, मी आदीच चालून आले? तुमचं काय राहिलं अस्तं वो?”

बाबाजान अंगणातल्या बाजेवर बसले, चिखलाच्या पायांनी. लंकाबाई हसायची थांबली आणि म्हणाली, “दाजी, खरं सांगू? घरातली समदी टीव्हीम्होरं. माज्याशी कोन बोलनार? तुमी वाट केली नस्ती तर मी हितं बसल्या बसल्या मेले अस्ते.” तिचे डोळे भरले. बाबाजानांचेही भरले, पण त्यांच्या तोंडावर चिखल होता म्हणून ते कुणाला दिसलं नाही. ज्या कामासाठी त्यांनी कोयता धरला होता, ते केव्हाच पूर्ण झालं होतं. फक्त अध्यक्षांना कुणी कळवलं नव्हतं.

ट्रेलर काढायला शेवटी जेसीबी आला. त्याने जाता जाता ओढ्याची दरड कापून सोपा उतार करून दिला, पायऱ्यांपेक्षाही बरा. गोरक्षनाथाने, थोडी शरम वाटून, चाकांचे खड्डे स्वतः बुजवले. आणि या सगळ्यानंतर, जणू मुहूर्त याचसाठी खोळंबून होता, सभापतींची तारीख मिळाली.

मांडव पडला, फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर सभापती सर्वांत मोठे, सरपंच मध्यम आणि बाबाजान आधार कार्डातून उचललेले होते. सभापतींनी भाषणात समृद्धी महामार्गापर्यंत सगळे रस्ते घेतले, ही वाट तेवढी राहिली. फीत कापली आणि बूट पांढरे असल्यामुळे ते चालले मात्र नाहीत. बाबाजानांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मग गुरुजी माईकवर म्हणाले, “आता आमच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवती या वाटेवर पहिलं पाऊल टाकतील!”

काट्या बाजूला झाल्या. टाळ्या पडल्या. नव्या लुगड्यात हमिदा पुढे आली आणि वाटेच्या तोंडाशी बावरून थांबली. डोक्यावरचा पदर सावरत तिने बाबाजानांकडे पाहिलं. “हिकडूनच का वो?”

“व्हय चाची, सरळ जा. भ्यायचं न्हाई!” गोरक्षनाथाने धीर दिला. रतनबाई म्हणाली, “आस्तं चाल गं, तुला काय सवय न्हाई.”

हमिदा हळूहळू चालू लागली. मागे बाबाजान, त्यांच्या मागे गाव. ती दोन्ही बाजूंना नवलाने बघत होती. मध्येच एकदा थांबून तिने, “बाई, केवढी लांब वाट ही!” असंही म्हटलं. ओढ्याशी आल्यावर ती उभीच राहिली. पलीकडच्या काठावर वॉकर धरून लंकाबाई उभी होती, आणि तिने हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात धरला होता.

हमिदाने हात मागे केला. “हात द्या वो. पयलीच बारी हाय.”

बाबाजानांनी शाल सावरली, तिचा हात घट्ट धरला, आणि स्टँडभर ऐकू जायचा तो आपला जुना आवाज काढून म्हणाले, “सांभाळून. इथे जरा उतार आहे.”

“व्हय का?” हमिदा म्हणाली.